जानव्याला बांधलेली चावी

सोमवार, कार्तिक वद्य पंचमी, बालाजी घाट. नावेत गुरुजी, नावाडी, विधींची व्यवस्था पाहणारी मी आणि वडिलांच्या अस्थी घेऊन आलेले एक शास्त्रज्ञ.

त्यांची उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. मुठीत कणांना वेग देणाऱ्या यंत्राच्या बोगद्याची चावी होती. वडील गेल्याचं कळताच ते ती घेऊनच धावले होते. तिकडे प्रयोगशाळेत सगळे खोळंबले होते, फोन सारखा वाजत होता.

“अहो साहेब, जल्दी करा! दोन्ही हात लागतात,” गुरुजी करवादले.

“ही चावी दुसऱ्याला देता येत नाही,” ते म्हणाले. “बोगद्यात शिरताना जो ती काढून नेतो, त्यानेच बाहेर येऊन जागेवर परत लावायची, तोवर यंत्र सुरू होत नाही. तिथल्या हिशेबाने मी अजून आतच आहे.”

“धोतराला खिसा नाही, मग जानव्याला बांधा,” मी म्हटलं.

त्यांनी बांधली. दोन्ही हातांनी अस्थी सोडल्या आणि तेव्हा कुठे त्यांना रडू फुटलं.

फोन पुन्हा वाजला. चावी लावायची अजून राहिलीच होती.