ॲव्हरेजरावांची भोपळी गाडी

ऑफिसच्या गाडीवर चौतीस वर्षं काढली, पण त्यांना नावाने हाक मारणारं तिथे कुणी उरलं नव्हतं. शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांचे ते ॲव्हरेजराव. दुसरा ड्रायव्हर ज्या गाडीतून लिटरला बारा किलोमीटर काढायचा, त्याच गाडीतून हे चौदा काढत आणि कुणी विचारो न विचारो, सांगत सुटत. गाडी चालवायची ती अनवाणी. "पेट्रोल अंगठ्याला कळतं," म्हणायचे, "बुटाला काय डोंबल कळणार?"

आणि अशा माणसाला बायको कशी मिळावी? तर जिला गाडी लागते! पहिल्या वळणाला चेहरा पांढराफटक, दुसऱ्याला पिशवी. बस म्हणू नका, टॅक्सी म्हणू नका, सगळीकडे तोच प्रकार. लेक लग्न होऊन डोंगरापलीकडे गेली, सव्वातीनशे किलोमीटरवर, आणि तिकडे रस्त्याशिवाय वाट नाही. चार वर्षं लेकच येऊन जायची. आईने तिचं घर पाहिलं ते फोनवर. आता लेकीला दिवस गेले होते. डॉक्टरांनी प्रवास बंद केला होता. "आई, बाळंतपणाला तू हवीस गं," एवढंच ती फोनवर म्हणाली, आणि आईचा त्या दिवशी घास घशाखाली उतरला नाही.

म्हणून ॲव्हरेजराव निवृत्तीचे पैसे आणि बायकोला घेऊन शोरूममध्ये गेले. तिथल्या मुलीने हायब्रिड दाखवली. पेट्रोलचं इंजिन, जोडीला बॅटरी, लिटरला पंचवीस.

"पंचवीस? बघूच!" म्हणत रावांनी चक्कर मारून बघायला चपला काढल्या. बायको शेजारी बसली, डोळे मिटून, मांडीवर पिशवी. पहिल्याच सिग्नलला इंजिन गप्प झालं. झालं! चौतीस वर्षांत ज्यांच्या हातून गाडी बंद पडली नव्हती, ते राव तसेच अनवाणी उतरून बॉनेटकडे धावले. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. मागच्या सीटवरून शोरूमची मुलगी ओरडतेय, "काका, बंद नाही पडली! सिग्नलला इंजिन आपोआप थांबतं!" राव कानापर्यंत लाल होऊन परत येऊन बसले.

तेवढ्यात शेजारून आवाज आला. "अहो, हादरे नाहीत, गचके नाहीत. बरं वाटतंय मला. भूक लागलीय."

पस्तीस वर्षांच्या संसारात ही बाई गाडीत बसून भूक लागली म्हणाली नव्हती. रावांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते खुशाल पुसले.

किंमत मात्र साध्या गाडीपेक्षा तीन लाखांनी जास्त. रावांनी तिथेच कागद मागवून हिशोब मांडला. "वाचलेल्या पेट्रोलमधून एवढे वसूल व्हायला बावीस वर्षं लागतील. मी ब्याऐंशीचा होईन!"

"मग व्हा की," बायको म्हणाली. "कुणी अडवलंय?"

पैशांचं जमलं, तर गाडी मिळेना. लेकीचे सहा महिने राहिलेले आणि गाडीला वेटिंग सात महिन्यांचं. "काका, साधी पेट्रोलची आज घ्या, उद्या न्या," मुलगी दरवेळी म्हणे आणि राव दरवेळी नकारार्थी मान हलवत. दर सोमवारी स्वारी शोरूममध्ये हजर. रांग पुढे सरकली का, एवढंच विचारायचं आणि चहा पिऊन परत यायचं. पाच महिने असे गेले आणि निरोप आला की गाडीला आणखी तीन महिने लागतील. बायकोने बॅग भरायला घेतली. "मी बसनेच जाते," म्हणाली. "जे व्हायचं ते होईल." पिशव्यांचा गठ्ठा तिने सगळ्यात वर ठेवला.

चौथ्या दिवशी फोन वाजला. "काका, एकाने बुकिंग सोडलंय. गाडी उद्या मिळेल. पण रंग जरा... भोपळ्यासारखा आहे. तुमच्या आधीच्या आठ जणांनी नको म्हटलं."

जन्मभर पांढऱ्या गाड्या चालवलेले राव बायकोकडे बघतच राहिले.

"रंग बाहेरच्यांना दिसेल," ती म्हणाली. "मी आत बसणार आहे."

आठवड्याभरात ते निघाले. राव अनवाणी, बायकोच्या मांडीवर पिशवी. घाट लागला तसा रावांचा जीव टांगणीला लागला. पहिलं वळण गेलं. दुसरं, पाचवं, नववं गेलं. चेहरा उतरत नव्हता, ओठ पांढरे पडत नव्हते. माथ्यावर तिने पिशवी उघडली तेव्हा रावांचा पाय ब्रेककडे गेला. तिने त्यात हात घालून शेंगदाणे काढले आणि त्यांच्यापुढे धरले. आनंदाने रावांना काय करावं सुचेना. समोर रस्ता मोकळा असताना त्यांनी उगीचच हॉर्न वाजवला.

संध्याकाळी लेक दारात उभी होती, दोन्ही हात पोटावर. "आई, तू खरंच आलीस?" म्हणाली आणि आईच्या गळ्यात पडून रडली, मग दोघी हसत सुटल्या. जावई भोपळी गाडीभोवती फिरत होता.

"बाबा, ॲव्हरेज किती दिलं हो?"

सव्वातीनशे किलोमीटर रावांचा एक डोळा रस्त्यावर आणि एक बायकोच्या चेहऱ्यावर होता. "अरे," ते ओशाळून म्हणाले, "पडद्यावर बघायचंच राहिलं."

लेकीच्या खांद्यावरून आईचा आवाज आला.

"सव्वीस पूर्णांक चार. शेवटच्या चढाला उगाच दामटलीत, नाहीतर सत्तावीसला टेकलो असतो."