तटस्थ वक्ता पाहिजे

आमच्या मंडळीत पाहुण्या वक्त्याला चहात साखर किती हे विचारण्याआधी त्याचा पक्ष कोणता हे विचारावे, असा रीतसर ठराव झालेला होता.

आमची मंडळी, म्हणजे आमचे चर्च, प्रेस्बिटेरियन. पिंगळीच्या स्टेशनापासून सायकलीने जाण्याइतकी जवळ. आमच्याकडे बिशप नसतो. जे काही ठरते ते मंडळीने कारभारासाठी निवडून दिलेल्या ज्येष्ठांच्या, ज्यांना आम्ही 'वडील' म्हणतो त्यांच्या, बैठकीत, सूचक आणि अनुमोदक यांच्यासह ठरते. मग प्रश्न चर्चच्या घंटेची दोरी बदलण्याचा असो, वा वर्धापनदिनाच्या जेवणाला वांगी की बटाटे हा असो. (वांगी. एका मताच्या फरकाने.) या वडिलांपैकी दोघे माझ्या घरचेच: माझे सासरे शमुवेलराव, ज्यांना मी मामंजी म्हणते, आणि त्यांचे धाकटे भाऊ दाविदकाका. दोघांची घरे एकमेकांना लागून, अंगणे शेजारी आणि मध्ये कमरेइतकी भिंत. पक्ष मात्र निराळे. त्या पक्षांची नावे मी घेत नाही. आमच्या भागात ओळख निवडणुकीच्या चिन्हावरूनच पटते. मामंजी कढईचे, काका छत्रीचे.

मागच्या वर्षी वर्धापनदिनाला तीन वक्ते आले आणि तिघेही कढईचे निघाले! तिसऱ्याने तर डोळे मिटून आरंभलेली प्रार्थना डोळे उघडेपर्यंत प्रचारसभेला नेऊन टेकवली. शेवटी 'आमेन' म्हणावे की टाळ्या वाजवाव्यात, हे कोणाला उमगेना. काकांच्या मते हा मामंजींचा डाव. मामंजींच्या मते काकांनी 'आमेन' मुद्दाम गिळले. त्या दुपारपासून दोन्ही भावांचे बोलणे बंद.

आता, प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर वाटून खाण्याच्या, वेळी भाकरीचे तबक आमच्याकडे वडीलच बाकाबाकांतून फिरवतात. आधी मामंजी, मग काका. तबक एकाने दुसऱ्याच्या हाती द्यायचे. गेले वर्षभर मामंजी पूर्वेकडे पाहत ते पुढे करीत आणि काका पश्चिमेकडे पाहत चाचपडत घेत. पवित्र भाकर दोघांच्या मध्ये पिंपळपानासारखी थरथरे. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, पहिल्या बाकावरून हे पाहत आणि त्यांच्या हातातला रुमाल मुठीत चुरगळत जाई. यंदा वर्धापनदिन जवळ आला तेव्हा त्यांनी मला चुलीपाशी बसवले.

"सूनबाई, ह्या बारीला दोघांनी तोंडाकडं बघून तबक दिलं-घेतलं पायजे. न्हाई तर मी भाकर घेनार न्हाई. सांगून ठेवते."

आत्याबाई बोलतात ते करतात. मी हादरले.

तेवढ्यात वडिलांच्या बैठकीने तोडगा काढला: तीन वक्ते बोलवावेत, एक कढईचा, एक छत्रीचा आणि एक कोणाचाच नसलेला. शोध घेण्याचे काम बैठकीची टिपणे लिहिणाऱ्या व्यक्तीकडे, म्हणजे माझ्याकडे आले. मी आनंदाने स्वीकारले. कवितेच्या शिस्तीत वाढलेली बाई मी. माणसाच्या आवाजाच्या पोतावरून त्याचे अंतःकरण ओळखता येते, अशी माझी जुनी समजूत होती.

परभणीच्या एका निवृत्त प्राचार्यांचा आवाज तापत्या तेलासारखा संथ आणि चकचकीत. मी मनाशी म्हटले, कढई! फोनवर विचारले, तर ते खरेच कढईचे. जिंतूरच्या वकीलसाहेबांच्या बोलण्याला छपरावरून निथळणाऱ्या पाण्याची लय. ते छत्रीचे! आणि कृषी विद्यापीठातले मातीचे प्राध्यापक. त्यांच्या शब्दांना नांगरटीचा ओला गंध. ते म्हणाले, "ताई, माझा पक्ष काळी माती." मी डोळे मिटून घेतले. इतके सुंदर उत्तर देणारा माणूस तटस्थच असणार.

वर्धापनदिन उजाडेपर्यंत या सगळ्या चौकशीला दोन महिने झाले होते. ऋतू पालटतात, पाने गळतात, नद्या पात्र सोडतात, हे जिने जन्मभर लिहिले, त्या बाईला माणसांचे पक्ष मात्र दोन महिने जागच्या जागी राहतील असे वाटले!

वक्त्याला वडिलांच्या घरी जेवू घालण्याची आमच्याकडे रीत आहे. मी तोल सांभाळून वाटणी केली: प्राचार्य मामंजींकडे, वकीलसाहेब काकांकडे. वर्धापनदिनाच्या सकाळी दोन्ही चुलींवर ज्वारीच्या भाकरी टम्म फुगत होत्या. वांग्यांच्या वासाने भिंतीच्या दोन्ही बाजूंची अंगणे एक झाली होती. (वासाला पक्ष नसतो, असे एक वाक्य मला तेव्हाच सुचले. मी ते पदराला गाठ मारून ठेवले.)

मामंजी प्राचार्यांना आग्रह करीत होते. "घ्या साहेब, आपलंच घर हाय. छत्रीवाल्याच्या घरी जेवायची पाळी आली न्हाई, देवाची किरपा!"

प्राचार्यांचा घास वाटेतच थांबला. "त्याचं असं आहे शमुवेलराव..."

"आसं न्हाई न् तसं न्हाई! छत्रीवाले म्हंजे लय पळपुटे. चार थेंब पडले की पयले आडोशाला!"

"मी गेल्या मंगळवारी छत्रीत प्रवेश केला," प्राचार्य म्हणाले आणि त्यांनी ठेच्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू तोच आता त्यांचा वकील.

तव्यावरची भाकर करपल्याचा वास आला. त्याच क्षणी भिंतीपलीकडून काकांचा आवाज उसळला. "काय म्हन्ता वकीलसाहेब? कढईत? तुमी? कवा?"

दोन्ही यजमान हात न धुताच आपापल्या अंगणात आले. मध्ये भिंत. भिंतीपाशी मी, हातात वांग्याच्या रश्श्याचा डाव. दोघांत दोन हातांचे अंतर. पण बोलणे बंद असल्यामुळे दोघेही माझ्याशी बोलू लागले. आधी मामंजी.

"सूनबाई, इचार त्याला, आमचा मानूस त्याच्याकडं हाय का?"

"सूनबाई, सांग त्याला, हाय. आन आमचा?"

"सांग त्याला, दुसरी भाकर खायलाय."

"सांग त्याला, त्याचा तिसरी खायलाय!"

"मंग सांग त्याला, बदलून घेऊ."

प्रत्येक वाक्य मी शुद्ध करून, विशेषणे वगळून, पलीकडे पोचवत होते. (दोघांनाही ते आधीच ऐकू आलेले असे, हा तपशील कोणी लक्षात घेतला नाही.) ठरले. पाहुण्यांनी आपापली ताटे उचलली आणि गल्लीतून घरे बदलायला निघाले. मधोमध दोघांची गाठ पडली. गल्लीतली सगळी दारे उघडली.

"काय, तिकडं कसं आहे?" प्राचार्यांनी विचारले.

"वांगी उत्तम. आणि तुमच्याकडं?"

"ठेचा जपून घ्या. माणसं प्रेमळ आहेत, बोलू मात्र देत नाहीत."

प्राचार्य काकांच्या दारात शिरले, वकीलसाहेब मामंजींच्या. तोल पुन्हा साधला होता! मी डाव खाली ठेवला आणि माझा फोन वाजला. मातीचे प्राध्यापक होते.

"ताई, क्षमा करा. सकाळीच एका तिसऱ्या पक्षानं मला तालुक्याचं पद दिलं. नाही म्हणता आलं नाही. आता मी तुमच्या ठरावात बसत नाही."

इतका प्रामाणिक मनुष्य राजकारणात किती दिवस टिकेल, याची चिंता करायलाही वेळ नव्हता. कडुलिंबाखाली वडिलांची तातडीची बैठक बसली. तटस्थ वक्ता नसेल तर ठराव मोडतो; ठराव मोडला तर काका उठून जाणार; काका गेले तर तबक घेणार कोण? चर्चचे धर्मगुरू पाळकसाहेब यांचे नाव निघाले, तर काकांनी त्यांचा मेहुणा कढईचा असल्याचे निदर्शनास आणले. मुख्याध्यापकांचे नाव निघाले, तर मामंजींनी त्यांच्या ओसरीवर छत्रीचे कॅलेंडर पाहिले होते.

आत्याबाई बायकांच्या घोळक्यातून म्हणाल्या, "सूनबाईला बोलू द्या की."

"तिचा पक्ष कोन्ता?" मामंजींनी विचारले.

काका माझ्याकडे वळले. "सूनबाई, तू मत कुनाला देतीस?"

मी तोंड उघडले. पण आत्याबाई आधी बोलल्या. "बावीस सालं झाली तिला ह्या घरात येऊन. इचारलं का कुनी कवा? ज्याला कुनी इचारलं न्हाई, त्यो तटस्थ!"

यावर कोणालाच हरकत घेता येईना. मी वक्त्री ठरले. सुदैवाने माझ्या पिशवीत एक दीर्घकविता होतीच. (कवयित्रीच्या पिशवीत ती असतेच. लोक आधी तपासत नाहीत, हा त्यांचा दोष.) विषय: ज्वारीच्या दाण्यापासून प्रभुभोजनाच्या भाकरीपर्यंतचा प्रवास. पाने चाळीस.

प्राचार्य आणि वकीलसाहेब दहा-दहा मिनिटे बोलले; आपण नेमके कोणत्या बाजूने बोलायचे याचा दोघांनाही अजून सराव नव्हता. मग मी उभी राहिले. पहिल्या बाकाच्या या टोकाला मामंजी, त्या टोकाला काका. मी वाचू लागले. नवव्या पानापर्यंत दाणा अजून मुठीतच होता. बाराव्या पानावर काका वीतभर सरकले. सतराव्या पानावर मामंजी सरकले. एकविसाव्यावर त्यांचे खांदे टेकले होते! आणि तिसाव्या पानावर, जिथे कोवळा कोंब मातीला 'आई' म्हणतो तिथे, मी पाहिले की दोघांचे ओठ हलत आहेत आणि दोघांच्याही डोळ्यांत पाणी आहे. ते कडवे मी पुन्हा एकदा वाचले.

त्यानंतर प्रभुभोजन झाले. मामंजींनी तबक पुढे केले. काकांनी थेट त्यांच्या डोळ्यांत पाहिले, मामंजींनी काकांच्या. भाकर थरथरली नाही. आत्याबाईंनी चुरगळलेला रुमाल उलगडून डोळ्यांना लावला आणि आपला तुकडा उचलला. कवितेने पक्षांना जिंकले होते!

घरी आल्यावर मी हळूच विचारले, "आत्याबाई, माझं वाचन चालू असताना ते दोघं काय बोलत होते?"

आत्याबाईंनी आधी पाण्याचा तांब्या माझ्या हाती दिला. "दाविद म्हनला, 'दादा, आजून किती हाय?' हे म्हनले, 'आत्ताशी पेरनी चाललीया. जांभया देऊन देऊन डोळ्याला पानी आलं बघ.'"

"आणि मग?"

"मंग दाविद म्हनला, 'दादा, गेल्या सालचे तुजे तिघं लय बरे होते रे.' हे म्हनले, 'मंग माफ केलंस म्हन की मला?' त्यो म्हनला, 'ह्येच्यापुढं कुनालाबी माफ करीन!'"

पुढच्याच आठवड्यात वडिलांची बैठक झाली. टिपणे नेहमीप्रमाणे मीच लिहिली, सुवाच्य अक्षरात, समास सोडून: "यापुढे वक्ता कोणत्याही पक्षाचा चालेल, मात्र कवी नसावा. सूचक: शमुवेलराव. अनुमोदक: दाविदराव. ठराव एकमताने मंजूर."

'एकमताने' या शब्दाखाली रेघ मारायला दोघा भावांनी मला एकाच आवाजात सांगितले. मी दोन मारल्या.