पांढऱ्या बॅकग्राउंडवरचं कवंडळ

आधीच सांगून टाकते, असल्या गोष्टी मला ऐकायलासुद्धा आवडत नाहीत. कुणी 'अमक्या वडाखाली तमक्याला दिसलं' म्हणून सुरुवात केली की मी उठते आणि चहा ठेवायला जाते. माझा धंदाच असा आहे... दिवसभर फोटोतली माणसं मीच पुसते, मीच जोडते. मिटलेले डोळे उघडते, टकलावर केस लावते. फोटोत 'काहीतरी दिसलं' म्हणून घाबरणाऱ्यातली मी नव्हे. आणि नेमकं माझ्याच दुकानात हे व्हावं! असो. आम्ही बोलतो कोकणी, पण सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत लिहितेय. मधेमधे आमचे शब्द येतील, चालवून घ्या.

साखळीत बसस्टँडवरून बाजाराकडे वळलं की डाव्या हाताला माझं दुकान. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट फोटो, फ्रेमचे फोटो. एक कॉम्प्युटर, एक मोठं कलर लेझर मशीन, गिऱ्हाइकांना बसायला दोन कदेलां, म्हणजे खुर्च्या. आणि तिथे बसणाऱ्या प्रत्येकाशी माझं एकाच गोष्टीवरून भांडण — फोटोचा साइज.

ऑनलाइन फॉर्मला फोटो लागतो पन्नास केबीच्या आत, तो मी बारीक करून देते. छापायला मात्र मूळचा मोठा फोटो हवा. हे काही लोकांच्या डोक्यात शिरत नाही. व्हॉट्सअॅपवर दहा घरं फिरून आलेला नखाएवढा फोटो आणतात आणि म्हणतात, "मॅडम, फ्रेमीक मोठो करून दी." अहो, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ताणला तर नाकाचे चौकोन होतात! मग "ते दुसरे दुकानवाले करून देतात" म्हणून मलाच ऐकवायचं. द्यावं तर चेहरा फाटतो, न द्यावं तर गिऱ्हाईक फाटतं.

तर त्या दिवशी, चतुर्थी तोंडावर आलेली, दुपारच्या सुमाराला रेश्मा आली. डिचोलीकडच्या एका गावातली मुलगी, लग्न होऊन हरमलला दिलेली. तिकडे त्यांच्या घराच्या खोल्या टुरिस्टांना देतात. हसरी, बडबडी पोर. पण त्या दिवशी स्कूटर स्टँडवर न लावताच धावत आत आली, रेनकोटचं पाणी सगळीकडे.

"मॅडम, बाबा सापडत नाहीत हो!"

तिचे बाबा, पुंडलिककाका, मला चांगले माहीत. बायको वारल्यापासून गावच्या घरात एकटेच. रेश्मा 'हरमलला चला' म्हणून मागे लागायची, हे ऐकायचे नाहीत. अलीकडे थोडं विसरायला लागले होते. माझ्याकडे आले की आधार कार्डाची झेरॉक्स दोनदा काढायचे, आणि मी 'आत्ताच काढली हो काका' म्हटलं की स्वतःच हसायचे. आदल्या दिवशी सकाळी कोयता आणि पोतं घेऊन घरातून निघाले, ते परतलेच नाहीत. शेजारणीने रात्री फोन केला तेव्हा रेश्माला कळलं.

"कोयता आणि पोतं म्हणजे माटोळीचं सामान," ती म्हणाली. "म्हणजे म्हापशालाच गेले असणार ना?"

गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते. चतुर्थीला आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली फळं, आंबाडे, सुपारीचे घड, तोरिंगण असं काय काय बांधतात. ती माटोळी. पुंडलिककाका दर वर्षी हे सामान रानातून आणायचे, घरापुरतं ठेवून उरलेलं म्हापशाच्या बाजारात विकायचे. त्यामुळे सगळे म्हापशालाच शोधत होते. रेश्माचा नवरा पहाटेपासून बाजारात, बसस्टँडवर माणसं विचारत फिरत होता. पोलिसांत तक्रार दिली होती. आता सगळीकडे लावायला पोस्टर हवं होतं.

"फोटो आण," मी म्हटलं.

"तोच तर नाही! मागचा मोबाइल पाण्यात पडला तेव्हा सगळे गेले. तुम्ही त्यांच्या फॉर्माला केला होता ना एक?"

केला होता. गेल्या चतुर्थीला काका-काकी माटोळीखाली उभे राहिले असताना रेश्माच्या मामेभावाने तो काढला होता. त्यानंतर काहीच महिन्यांत काकी गेल्या. त्यातले काका तेवढे कापून, मागे पांढरं करून मी फॉर्मचा फोटो केला होता. काकींचा हात त्यांच्या खांद्यावर होता, तो पुसून शर्ट नीट केला होता. असं आम्ही रोजच करतो. पूर्ण फोटो आता माझ्याकडे नव्हता, व्हॉट्सअॅपचं फोल्डर मी साफ करते. मामेभाऊ बोटीवर नोकरीला, समुद्रात कुठेतरी, फोन लागेना. राहिली होती ती फॉर्मसाठी केलेली चिमुकली फाइल. मोबाइलवर पाठवायला ती चालली, लगेच पाठवलीसुद्धा. पण ए-थ्री पोस्टरला रुंदीलाच साडेतीन हजार पिक्सेल लागतात, आणि माझ्याकडे होते जेमतेम दोनशे!

तुम्ही म्हणाल, आता एआय आहे ना, एका क्लिकवर फोटो मोठा होतो. होतो, मला येतं ते. पण ते नाकडोळे आपल्या मनाने रचतं. हरवलेल्या माणसाचा चेहरा गुळगुळीत करून काय उपयोग? ओळखणार कोण? म्हणून मी मुद्दाम साध्या पद्धतीने ताणला. हे नीट लक्षात ठेवा, कारण पहिली शंका सगळ्यांना हीच येते. स्क्रीनवर काका म्हणजे धुक्यातला माणूस दिसत होते. मागे पांढरंशुभ्र. वर 'हरवले आहेत', खाली नंबर. मी मनात म्हटलं, देवा, निदान मिशी तरी ओळखता येऊ दे.

प्रिंट दिली. मशीनमधून कागद बाहेर आला आणि मी बघतच राहिले.

चेहरा स्वच्छ होता. मिशीतले पिकलेले केस सुटेसुटे दिसत होते. आणि मागचं पांढरं पांढरं नव्हतं! जिथे काकी उभ्या होत्या आणि मी त्यांना कापलं होतं, त्या बाजूला, खांद्याच्या मागे फिकट काहीतरी उमटलं होतं. चिऱ्याची अर्धी भिंत, तिला टेकलेली गंजकी लोखंडी शिडी आणि त्यावर चढलेला वेल. वेलाला लाल गोल फळं.

"मॅडम, हे मागे काय घातलंत?" रेश्माने विचारलं.

"मी कशाला काय घालू?" मी जवळजवळ खेकसलेच. मला वाटलं, मशीनने दगा दिला. लेझर मशीनच्या ड्रमवर कधीकधी आधीच्या कागदाचं चित्र राहतं आणि पुढच्यावर फिकट उमटतं. पण सकाळपासून मी छापत होते चतुर्थीच्या आरत्या आणि झेरॉक्सा, भिंत कुठून येणार? फाइल उघडून मागचा रंग तपासला. कोरा पांढरा. दुसरी प्रिंट काढली... तीच भिंत, तोच वेल, तीच फळं.

रेश्मा कागदाला नाक लावून बघत होती. "कवंडळं आहेत ही," ती हळूच म्हणाली. "आईला माटोळीला कवंडळ लागायचंच. नसलं तर बाबांना परत पाठवायची रानात."

आणि रडायलाच लागली. मी आपली तिच्या पाठीवरून हात फिरवत उभी.

तेवढ्यात मागून आवाज आला, "पळय बाय... हो आमचो काटो न्हय?"

गोकुळदास. पिकअपचे कागद झेरॉक्स करायला येऊन तो कधीचा कदेलावर बसला होता, मी विसरूनच गेले होते. खाणी जोरात होत्या तेव्हा तो मालाचे ट्रक चालवायचा. काटा म्हणजे ट्रकांचं वजन करायची जागा.

"कसला काटा?" मी विचारलं.

"वयल्या खाणीचा, बंद पडलेल्या. ती शिडी बघा, खालून तिसरी पायरी वाकलेली. माझ्याच ट्रकाने वाकवली ती, शिव्या खाल्ल्यात मी तिच्यापायी! आणि तिथे चिठ्ठ्या फाडायला कोण बसायचा? हेच, पुंडलिक."

रेश्माचं रडणं थांबलं. "बाबा होते काट्यावर. पण ती जागा तर कधीच मोडली ना? तिथे कोण जाणार?"

"रान माजलंय तिथे," गोकुळदास म्हणाला. "आणि रानातच मिळतं कवंडळ. म्हापशाच्या बाजारात तोडतात काय?"

इतकी साधी गोष्ट, आणि आम्हा कुणाला सुचली नव्हती. माटोळी म्हटलं की बाजार, बाजार म्हटला की म्हापसा... सगळे जण सामान विकायच्या जागी शोधत होते, तोडायच्या जागी कुणीच गेलं नव्हतं. मी शटर ओढलं. आत दोघांचे फॉर्म अर्धवट, त्यांना फोन करून म्हटलं उद्या या. पोस्टर का कुणास ठाऊक, गुंडाळून बरोबर घेतलं आणि तिघं पिकअपमध्ये बसलो.

वाटेत मी मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत होते. अगो, एका खराब प्रिंटवर विश्वास ठेवून तू या पोरीला रानात घेऊन चाललीस? तिथे कुणी नसलं तर तिच्या तोंडाकडे बघशील कशी?

रस्ता संपला तिथून पुढे चालत गेलो. झाडीतून गंजकी शिडी दिसली, तिसरी पायरी वाकलेली. चिऱ्याची भिंत अर्धी पडलेली. वेलाला कवंडळं लटकलेली. अगदी पोस्टरात होती तशी, पण तेव्हा ते निरखायला वेळ नव्हता.

"बाबा!" रेश्मा ओरडली.

"अगो, हांगा!" खालून आवाज आला.

ट्रक उभे करायचा लोखंडी पत्रा एका बाजूला कुजला होता आणि त्याच्याखाली खोल खड्डा, पावसाच्या पाण्याने भरलेला. त्या पाण्याच्या वर एक चिऱ्याचा अरुंद कठडा. त्यावर पुंडलिककाका भिंतीला पाठ लावून ताठ बसले होते, पाय सुजलेला, मांडीवर पोतं. कुशीवर वळले असते तरी पाण्यात गेले असते. कालपासून, अख्खी रात्र, तसेच.

गोकुळदास दोर घेऊन उतरला आणि त्यांना वर काढलं. माझा जीव भांड्यात पडला. रेश्मा त्यांना मिठी मारून एकाच वेळी रडत होती आणि रागावत होती, "कशाला आलात इथे? पडला असतात म्हणजे!"

"पडलोच गो," ते शांतपणे म्हणाले. "मग ती म्हणाली, हालूं नाकात, फोटो खराब जातलो. म्हणून हाललोच नाही."

"कोण म्हणाली?"

"तुझी आई. आणखी कोण?"

रेश्माने माझ्याकडे बघितलं, मी गोकुळदासकडे, आणि तो पोतं उचलायला वाकला. पोतं कवंडळांनी भरलेलं होतं.

पाय मोडला होता. प्लास्टर लागलं, चतुर्थीची पूजा त्यांनी खुर्चीवर बसून केली, पण माटोळीला कवंडळ होतं. मी गेले होते पाया पडायला. मनाला राहवेना, म्हणून पोस्टर नेऊन त्यांना दाखवलं. वाटलं, मागची भिंत बघून दचकतील. छे! त्यांनी खांद्यावर बोट ठेवलं.

"हिचा हात खंय गेला?"

मी म्हटलं, "काका, फॉर्माला एकट्याचाच फोटो लागतो, म्हणून काढला."

"बरं," ते म्हणाले. "पण फॉर्म भरून झाला मगे आता?"

मशीनच्या इंजिनीअरला बोलावून मी ड्रम तपासून घेतला. काही दोष नाही. तीच फाइल मी त्यानंतर कितीदा छापली, मागे कोरं पांढरं येतं आणि काका धुक्यात. त्या दुपारच्या दोन प्रिंट मात्र अजून तशाच आहेत, भिंत, शिडी, वेल, सगळं. एक रेश्माकडे, एक माझ्या कपाटात. कुणी म्हणेल, काकांना आठवण आली असेल, विसरणाऱ्या माणसाचं काय. असेल. रेश्माही म्हणते, तो माटोळीखालचा फोटो काढताना आई सारखी 'हालूं नाकात', हलू नका, म्हणत होती. पण माझ्या दोनशे पिक्सेलमध्ये ती शिडी कुठून आली, तिसरी पायरी वाकलेली? आडात नव्हतंच ते. मला उत्तर मिळालेलं नाही, आणि खरं सांगू, आता मी शोधतही नाही.

चतुर्थीनंतर मामेभावाची बोट बंदराला लागली आणि त्याने मूळ फोटो पाठवला, डॉक्युमेंट म्हणून, पूर्ण साइजचा. मी उघडला, शंभर टक्के झूम केला आणि खांद्यावरचा काकींचा हात बघितला. फॉर्मच्या वेळी घाईत पुसताना माझ्या लक्षातच आलं नव्हतं. हात नुसता ठेवलेला नव्हता. पाचही बोटांनी शर्ट मुठीत धरला होता, घट्ट, कापडाला चुण्या पडेपर्यंत.

काही न कापता, काही न पुसता मी तो बारा बाय अठरा छापला आणि फ्रेम करून नेऊन दिला. काकांनी चष्मा लावला, खांद्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आतां बरोबर."