चटईवरचं मूळ

कातड्यावर पसरलेली लोकर अर्धी पिंजून झाली होती. कानिशा आपा दोन्ही हातांतल्या काठ्यांनी ती झोडपत होती आणि तिची सून बुरुल समोर बसून गुंता सोडवत होती. मी शेजारीण, विरजण मागायला गेले होते.

"सोनुन, आलीस तशी काठी घे. बघत राहून लोकर पिंजली जात नाही."

"आपा, विरजण न्यायला आलेय, कामाला नाही."

"मग कामाचं विरजण लागू दे आधी."

आम्ही तिघी हसलो. तेवढ्यात वरच्या गावाहून एक स्वार आला. त्याच्या वहिनीला काल दुपारपासून कळा येत होत्या आणि मूल आडवं होतं. आपाने काठ्या टाकल्या, हात धुतले, बिस्मिल्ला म्हटलं आणि आपली औषधांची थैली उचलली. ती लोकर पुढे कुणी पिंजली नाही.

आत-बाशी या बाजारगावाच्या वरच्या अंगाला, डोंगरात आमची वस्ती. तिथे कानिशा आपा एमची होती, रानातल्या पाल्यामुळांनी लोकांना बरं करणारी. हा हात तिला तिच्या आत्याने दिला होता. मरताना आत्याने आपला तळवा तिच्या तळव्यावर ठेवला, आणि तेव्हापासून आपाने 'मी बरं केलं' असं कधी म्हटलं नाही. कपाळावर हात ठेवला की म्हणायची, "हात माझा नाही, बीबी फातिमाचा." कुणी आभार मानले तर चिडायची. "वर बघून मान ना. मी काय, मी पाट आहे, पाणी त्याचं."

डोंगरात जाताना ती वजू करून, हातपाय-तोंड धुऊन निघे. जे झाड पहिलं दिसेल ते घ्यायचं नाही, त्याला नुसता सलाम करायचा आणि सांगायचं, "बाई, तुझ्या घरातलं एक माणूस नेते, परवानगी दे." मग पुढचं खणायचं. खड्ड्यात भाकरीचा तुकडा ठेवायचा आणि माती परत लोटायची. जखम उघडी टाकून निघायचं नाही.

औषधही लगेच मिळत नसे. आधी नाडी बघायची, मग विचारायची, कुणाशी अबोला आहे? तिचा धाकटा दीर जुमाली पाठ धरून आला होता तेव्हाची गोष्ट सगळ्या गावाला पाठ आहे.

"पाठ नाही भावजी, मान अडकलीय तुमची. पाटाच्या पाण्यावरून शेजाऱ्याकडे मान फिरवून बसलाय ना, ती."

"वहिनी, मी औषध मागतोय, न्यायनिवाडा नाही!"

"निवाडा फुकट आहे. औषध त्यानंतर."

जुमाली तणतणत गेला, शेजाऱ्याच्या घरी चहा प्यायला, परत आला. मग तिने त्याला आर्चा नावाच्या रानझाडाच्या पाल्याची धुरी दिली आणि पाठ शेकली. पाठ सुटली. कशाने सुटली ते अल्लाला ठाऊक.

वरच्या दरीत एक निळ्या फुलांचं झाड होतं. त्याचा कंद जहाल विषारी. सांधे धरलेल्या म्हाताऱ्यांना आपा त्याचा लेप लावी, तोही स्वतःच्या हाताने आणि फक्त बाहेरून. त्या कंदाचं नाव छपराखाली घ्यायचं नाही, घेतलं तर तो घरातलं माणूस मागतो, अशी आत्याची ताकीद होती. तंबू असो की पक्कं घर, डोक्यावर छप्पर असेल तर त्याबद्दल तोंडातून अक्षर काढायचं नाही. आम्हाला तो असतो एवढंच माहीत होतं. कसा दिसतो ते गावात कुणाला ठाऊक नव्हतं, बुरुलला तर नव्हतंच. ती खालच्या, गव्हाच्या मुलखातली.

त्या आठवड्यात आपाने खोकल्यावर द्यायचं अंदिझचं मूळ आणलं होतं आणि हा कंदही आणला होता. बाहेरच्या पडवीचं छप्पर गळत होतं, म्हणून दोन्ही कोठीतल्या एकाच चटईवर वाळत घातली. अंदिझ एका कडेला, तो दुसऱ्या. एरवी तो काळ्या थैलीत वेगळा टांगलेला असे. ओला थैलीत घातला तर कुजतो. वाळला की उचलायचाच होता.

आपाचा मुलगा तिलेक दोन दिवसांपूर्वी कुरणावरून मेंढ्या घेऊन उतरला होता तो छाती भरूनच. निघताना आपा उंबऱ्यावर थांबली आणि सुनेला म्हणाली, "खोकला वाढला तर कोठीत चटईवरचं मूळ आहे. बोटभर घे, उकळ, मध घालून दे." एवढं बोलून तिचा एक पाय बाहेर पडला आणि मग तिला दुसरी कड आठवली. हे सगळं तिने नंतर सांगितलं. आठवलं, तोंड उघडलं, आणि वर छप्पर होतं. बाहेर येऊन बुरुलला हाक मारायची, तर बुरुल आत लेकीला पाजत बसलेली. निघालेला पाय परत उंबऱ्यात घालणं अपशकुनी, त्यातून बाळंतिणीकडे जाताना. घोडा खूर आपटत होता. संध्याकाळपर्यंत येतेच मी, असं मनात म्हणून ती घोड्यावर बसली.

मूल अवघड होतं. तिला तिथे मुक्काम पडला. ते मूल जगलं, आईही जगली.

इकडे सूर्य डोंगराआड जाताना तिलेकचा खोकला वाढला. बुरुलने मूळ उकळलं. मी विरजणाचं भांडं परत द्यायला गेले तेव्हा तो वाटी संपवत होता. दोघं मला एजे, म्हणजे ताई, म्हणायची.

"सोनुन एजे, बघ हिने काय पाजलंय. ओठ बधिर झाले."

"बरंय," बुरुल म्हणाली, "तेवढंच कमी बोलशील."

तो हसला. मग त्याने जिभेवरून बोट फिरवून पाहिलं. थोड्या वेळाने उलट्या सुरू झाल्या, हात गार पडले, छातीत पाखरू फडफडतंय म्हणाला. माझ्या नवऱ्याने गाडी काढली. पुलापाशी पोचेपर्यंत तिलेक गेला होता. इन्ना लिल्लाहि.

दुसऱ्या दिवशी आपा परतली तेव्हा दारात मयताचा तंबू उभा होता आणि पुरुष काठ्यांवर वाकून आक्रोश करत होते. आई तंबूत धावेल असं सगळ्यांना वाटलं. ती आधी कोठीत गेली. लगेच बाहेर आली, चेहरा राखेसारखा, आणि भिंतीकडे तोंड करून बायकांत बसली. तिच्या तोंडून मुलासाठी शोकगीताची एक ओळ निघाली नाही. लोक म्हणाले, धक्क्याने.

दवाखान्यातल्या नर्सने सांगितलं होतं, विषबाधा. मग गावाला मोजायला फार वेळ लागला नाही. वाटी कुणी दिली? बुरुलने. तेवढ्यावर काम झालं. दर गुरुवारी आम्ही मयतासाठी तेलात बोरसोक, कणकेचे तुकडे, तळत होतो, कुराण वाचलं जात होतं, आणि कढईभोवती तेच.

"शहरात जायचं होतं म्हणे तिला."

"खालच्या मुलखातल्या मुली. मी तेव्हाच म्हटलं होतं."

मी झारा आपटला आणि म्हटलं, मयताच्या तेलावर बसून तरी गरीब बाईचं मांस खाऊ नका.

बुरुल मला एकटं गाठून पुन्हा पुन्हा सांगे, "एजे, मी चटईवरचंच घेतलं हो. चटईवरचंच." मी म्हणे, मग तसं सांग ना मोठ्यांना. ती मान हलवी. सासूने सांगितलं असं सून कसं म्हणणार? म्हणाली असती तर लोकांनी म्हटलं असतं, नवरा खाल्ला, आता सासूवर आळ घेते.

जुमालीने ठरवूनही टाकलं. चाळिसावा दिवस झाला की बुरुलने माहेरी जायचं. तिची लेक चिनार, अजून दूध पिणारी, ती इथेच राहील. आमच्या रक्ताची आहे. ज्या हाताने वाटी दिली त्या हाताने आमचं पोर वाढणार नाही.

आपा गप्पच होती. त्या दिवसांतही लोक आजारी मुलं घेऊन यायचे आणि ती त्यांच्या कपाळावर हात ठेवायची. मात्र 'हात बीबी फातिमाचा' हे म्हणेनाशी झाली. खरं सांगितलं तर हा हात मिटणार, मग या लेकरांचं काय, असं ती मनाला समजावत होती. "आणि भीत होते," हेही तिनेच मला सांगितलं. "देवाचं नाव पुढे करून भीत होते."

चाळिसाव्याला बुरुलचा भाऊ गाडी घेऊन आला. बुरुलचं बोचकं दाराशी बांधून ठेवलेलं. मटण वाढून झालं, दुआ झाली. जुमाली चिनारला घ्यायला बुरुलपुढे हात पसरून उभा राहिला. पोरीने आईची गळपट्टी मुठीत धरली ती सोडेना. बुरुल ती मूठ बोट बोट करून सोडवत होती.

"थांबा भावजी," आपा म्हणाली.

"वहिनी, उगाच आता..."

"बचनाग."

म्हाताऱ्यांनी आपापली गळपट्टी धरली. एक बाई तोबा तोबा करत बाहेर पळाली.

"वहिनी! छपराखाली?"

"छपराखाली. आता या छपराकडे मागायला काय उरलंय? चटईवर बचनाग होता. मी ठेवला. चटईवरचं दे, असं मी सांगितलं. उंबऱ्यात मला आठवलं होतं आणि मी बोलले नाही. परत वळलेही नाही. पोरीला तिच्या आईजवळ दे, जुमाली. कुणाला काढायचं असेल तर मला काढ."

दिराला तिने नावाने हाक मारलेली आम्ही पहिल्यांदाच ऐकली. जुमालीचे हात तसेच पसरलेले राहिले, मग खाली आले. बुरुलचा भाऊ बाहेर जाऊन गाडीत बसला. मग एकटाच गेला.

बुरुल राहिली. पण आपाकडे तिने पाहिलं नाही, त्या दिवशीही नाही आणि अजूनही नाही. दुसऱ्या सकाळी तिने चुलीजवळची आपाची बैठक उचलून दाराशी ठेवली. आता चहा तीच करते, पीठ तीच मळते. आपाने रांधलेलं किंवा हाताने दिलेलं काही ती चिनारच्या तोंडात जाऊ देत नाही. आपाने उरलेली सगळी मुळं डोंगरात नेऊन पुरली, प्रत्येकावर भाकरीचा तुकडा ठेवून. हात पुढे कुणाला द्यायचा राहिला. मागायलाही कुणी येत नाही. परवा एक बाई कडेवर मूल घेऊन फाटकापर्यंत आली, दाराशी बसलेल्या आपाला पाहून मुलाचं तोंड शालीत झाकलं आणि वळली.

मी नमाजात तिघींची नावं घेते. कुणासाठी काय मागावं ते कळत नाही, म्हणून नुसती नावं घेते.

आत बुरुलचं राज्य, बाहेरची कामं आपाची. पाणी आणणं, शेण थापणं, बाजारहाट. घरातलं पीठ संपत आलंय. उद्या सकाळच्या गाडीने आपा आत-बाशीला पिठाचं पोतं आणायला जाणार आहे. आणलं की ते मळायचं बुरुलनेच.