मरोळच्या गिरणीतला घण

शिवदास इंगळेच्या दोन्ही हातांच्या पाठीवर निळे-काळे ठिपके आहेत. गोंदलेले नाहीत. गिरणीच्या दगडाला टाकी लावताना पोलादाचे कण उडतात, कातडीत घुसतात आणि तिथेच राहतात. एक कण डाव्या डोळ्यातही गेला. त्या डोळ्याने त्याला आता नुसता उजेड कळतो.

दळून दळून दगड गुळगुळीत झाला की पीठ तापायला लागतं. मग दगड उतरवायचा, उलटा करायचा आणि टाकी-हातोडीने त्यावर पुन्हा खाचा पाडायच्या. हे तो बापाकडून शिकला. बाप मेहकरकडे खाणीवर होता, गावातल्या दळायच्या जात्यांनाही टाकी लावून द्यायचा. पोराचा घाव चुकला की तीच हातोडी त्याच्या बोटांवर हाणायचा. सतराव्या वर्षी शिवदासने ती हातोडी हिसकावली, बापाला छातीवर लाथ मारून पाडलं आणि हातोडी घेऊनच मुंबई गाठली.

तेव्हा घाटकोपर, मुलुंड, अंधेरीत गल्लोगल्ली गिरण्या होत्या. शिवदास सायकलला टाक्यांची पिशवी अडकवून सगळीकडे फिरायचा. पुढे लोक तयार पीठ आणायला लागले, कुणी घरघंटी घेतली. गिरण्या एकेक करून बंद पडल्या. शेवटी मरोळला गिरणी असलेल्या मार्तंड सामंतांनी त्याला कायमचा ठेवून घेतलं. दगड बसवायचे, पट्टा बदलायचा, दळणं काढायची. एकोणीस वर्षं तो तिथे होता.

मग मार्तंडकाकांना अर्धांगवायू झाला आणि गिरणी त्यांच्या पुतण्याकडे, मुकुलकडे आली. मुकुलला तिथे मोबाइलचं दुकान टाकायचं होतं. काका हयात असेपर्यंत गिरणी चालणार, असं शिवदास म्हणायचा. काकांनीच तसं सांगितलं होतं, पण आता त्यांना बोलता येत नव्हतं.

एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला मुकुल दोन माणसं आणि एक घण घेऊन आला. गिरणी चालू होती. विमा कंपनीतून निवृत्त झालेल्या नीलाताई ज्वारीचा डबा लावून बाहेर बाकावर बसल्या होत्या.

"मशीन बंद कर," मुकुल म्हणाला.

"ताईंची ज्वारी होऊ दे. पाच मिनटं."

"तुला कळत नाय काय रे?" मुकुलने त्याच्या कानफटात लगावली.

शिवदासने गिरणी बंद केली नाही. मग मुकुलने भिंतीला टेकवलेल्या जादा दगडावर घण घातला. आदल्या दिवशीच शिवदासने त्याला टाकी लावली होती. दगडाचे दोन तुकडे झाले. मुकुलने घण पुन्हा उचलला तेव्हा शिवदासने बापाची हातोडी त्याच्या डाव्या मनगटावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज चालत्या गिरणीतही ऐकू आला.

ती दोन माणसं शिवदासवर तुटून पडली. त्याला खाली पाडून बरगड्यांत लाथा घातल्या, तोंड फरशीवर आपटलं. दोन दात तिथेच पडले. मुकुल वेदनेने आणि रागाने वेडा झाला होता. उजव्या हाताने घण उचलून त्याने चालत्या गिरणीवरच घातला. पहिल्या घावाला दगडावरचं झाकण फुटलं.

"मुकुल, नको! दगड फुटेल!" शिवदास खालून ओरडला.

दुसरा घाव फिरत्या दगडावर बसला. दगड फुटला आणि तुकडे भिंतींवर आदळले. एक मुकुलच्या उजव्या गुडघ्याखाली शिरला. तो कोसळला. रक्त उसळून पिठात सांडत होतं. ती दोन माणसं पळून गेली.

शिवदास उठला. आणि नुसता उभा राहिला.

"शिवदास, अरे बघतोस काय? बांध ना काहीतरी!" नीलाताई दारातून किंचाळल्या.

तेव्हा तो हलला. खुंटीवरचा जुना पट्टा ओढला, मांडीला आवळला, त्यात हातोडीचा दांडा घालून पिळला आणि रुग्णवाहिका येईपर्यंत सोडला नाही.

मुकुल वाचला, पाय गेला. पोलिसांनी दोघांवरही गुन्हा नोंदवला. शिवदासने जबाबात सांगून टाकलं, "थप्पड त्याची पहिली. हाड मी मोडलं."

तीन आठवड्यांनी तो मुलीला, प्रियंकाला, बरोबर घेऊन इस्पितळात गेला. मुकुल उशीला टेकून बसला होता.

"तू नसतास तर मेलो असतो," मुकुल म्हणाला.

"ते सांगायलाच आलोय. मी उभा होतो. तुझं रक्त जाताना बघत होतो. बरं वाटत होतं मला."

मुकुलने विचारलं, "किती वेळ?"

"माहीत नाय. ताई ओरडल्या तोवर."

मुकुलने उशाचा स्टीलचा पेला फेकून मारला. शिवदासची भुवई फुटली, रक्त चांगल्या डोळ्यात उतरलं. प्रियंकाने त्याला ओढत बाहेर नेलं.

"बाबा, काय गरज होती? तो आभार मानत होता ना!"

"खोटे आभार घेऊन काय करू?"

त्या वर्षाअखेर मार्तंडकाका गेले. गिरणीचं शटर बंद आहे. खटला चालू असेपर्यंत मुकुलला तिथे काही करता येत नाही. कोर्टात मात्र घण आपणच उचलला, दगड आपणच फोडला, हे त्याने कबूल केलं. शिवदासशी तो बोलत नाही.

शिवदासला चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत मसाल्याच्या गिरणीत काम मिळालं. पहिल्याच दिवशी मालकाने दगड उतरवून दिला. शिवदासने टाकी टेकवली, हातोडी उचलली, पण घाव घालवेना. हातोडी खाली ठेवून तो म्हणाला, "शेठ, मला दुसरं काय पण द्या." महिनाभर त्याने मिरच्यांची पोती उचलली, डोळे सुजवून घेतले. मग एके सकाळी गिरणी सुरू व्हायच्या आधीच तो आला आणि कुणाला न सांगता दगडाशी बसला. त्याने घाव हलके ठेवले. एरवी दोन तासांत होणाऱ्या कामाला त्या दिवशी दुपार झाली.