जिन-तूकाका आणि अडून बसलेलं वायफाय

आमच्या नानतौच्या डोंगरात चहाच्या उतारावर धुकं येतं ना, तसे जिन-तूकाका येतात. घाई नाही, आवाज नाही. तीस वर्षं ते विजेच्या खांबांवर चढले. खाली उतरल्यावर पुस्तकं आणून लिनक्स ही मोफत संगणकप्रणाली शिकले आणि गावाने टाकायला काढलेला एकेक लॅपटॉप त्यांनी त्यावर चालता केला. दुरुस्तीला शहरातला माणूस बोलवायची वेळ गावावर कधी आली नाही, याचा त्यांना केवढा अभिमान!

त्या दुपारी पी-हा मावशीच्या लॅपटॉपचं वायफाय गेलं. तिचा मुलगा बून-खाय मासेमारी जहाजावर, चौदा महिने समुद्रात. गळ लागून उजव्या हाताला इजा झाली, "थोडंसंच लागलंय" एवढाच निरोप आला होता. आज जहाज बंदरात होतं. चार ते पाच तो व्हिडिओवर येणार होता. मावशीला त्या हाताची बोटं आपल्या डोळ्यांनी मोजायची होती.

काका तीनला आले आणि लॅपटॉपवरची खाऊची पुडी पाहून दारातच थबकले. यंत्राने शहाण्यासारखं चालावं म्हणून आमच्याकडे त्याच्यापाशी अशी पुडी ठेवतात.

"पिवळी?"

"हिरवी संपली होती रे दुकानात."

"पिवळी गल्ल्यावर ठेवतात, पी-हा! यंत्राला हिरवीच लागते, तीही तारीख न उलटलेली. नाहीतर ते कशाला ऐकेल कुणाचं?"

शेजारचा मी तिथेच होतो; मला खालच्या वस्तीत पिटाळलं. मी धापा टाकत हिरवी पुडी आणली, ती लॅपटॉपशेजारी मांडली, तेव्हा कुठे काकांनी बाह्या सरसावल्या. त्यातच अर्धा तास गेला.

काळ्या पडद्यावर त्यांनी दोन-तीन आज्ञा दिल्या. "वायफायचं कार्ड दिसतंय. म्हणजे जिवंत आहे. पण त्याला चालवणारा ड्रायव्हर उठत नाहीये. काल काही दाबलंस का?"

"अपडेट करू का, असं विचारत होता. मी हो म्हटलं. इतकं नम्रपणे विचारल्यावर नाही कसं म्हणायचं?"

"तिथेच घोळ झाला! लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, नवा आला, ड्रायव्हर बांधलेला जुन्यासाठी. नव्या मालकाला जुना गडी ओळखेना." काका हसले. "सोपं आहे. चालू करताना जुना गाभा निवडायचा."

यादी उघडली. यादीत एकच ओळ. काकांचं हसू मावळलं.

"जुना कुठे गेला?"

"नवा आला की जुना आपोआप पुसला जाईल, अशी सोय तूच नाही का करून दिलीस? 'मी लावलेल्या यंत्रात कचरा साठत नाही,' म्हणालास!"

काकांनी हिरवी पुडी उगाच सरळ केली. मग हळूच म्हणाले, "चूक माझी आहे. पुडीची नाही."

आता नव्या गाभ्यासाठी ड्रायव्हर पुन्हा बांधायचा. त्याचं सामान इंटरनेटवर, आणि इंटरनेट ड्रायव्हरवाचून बंद. शेवटी माझा फोन वायरने लॅपटॉपला जोडला; त्यावर नेट थोडंच उरलं होतं, सामान उतरवण्यापुरतं.

"मग घरचं वायफाय फोनलाच लावून बोल की त्याच्याशी," मी मावशीला म्हणालो.

"फोनवर बोटं शेवयांएवढी दिसतील," मावशी म्हणाली. "मला मोजायचीत!"

पडद्यावरून ओळी ओढ्याच्या पाण्यासारख्या वाहत राहिल्या. चार वाजले. सव्वाचार. मावशी खुर्चीच्या कडेवर बसलेली. चार बावीसला वायफायचा दिवा लागला.

आणि बून-खाय दिसला, उन्हाने काळवंडलेला.

"आई, किती बारीक झालीस गं!"

"ते राहू दे. हात वर कर."

त्याने डावा केला.

"उजवा!"

तो हसला, जरा थांबला आणि उजवा पंजा त्याने कॅमेऱ्यासमोर उघडला. मावशीने पडद्यावर एकेका बोटाला आपलं बोट लावलं. पाचही होती. करंगळी वाकडी झाली होती, पण जागेवर होती.

"बरं," ती म्हणाली, "आता सांग, जेवलास का?"