तीन बोटं उंचीचा डबा

हे मी आजवर कुणापुढे बोललो नाही. सभेत माइक हातात आला की मला हाताला धरून खाली बसवावं लागतं — आणि एवढीशी गोष्ट मात्र घशातून निघत नव्हती.

निघोज्याला मी आणि सुदाम एका खोलीत राहतो. तो जालन्याकडचा, चाकणच्या एका कंपनीत कामाला. शिफ्टवरून आला की चहाच्याही आधी बरणीपाशी जायचा. बरणीत त्याने पाळलेला प्रार्थनाकीटक — पुढचे पाय जोडून बसणारा तो हिरवा किडा. मुंगीएवढा होता तेव्हापासून माशा पकडून चारलेला.

गावी जाताना त्याने बजावलं, "भावा, बरणी बदलू नको. कात टाकताना ह्याला उलटं लटकून खाली सरकायला जागा लागती."

इतकं स्पष्ट. मग?

मग — आम्हा संघटनेच्या पोरांना रस्त्यालगतच्या भिंतींवर पत्रकं चिकटवायची होती. खळ शिजवली, आणि ती न्यायला झाकणाचं मोठं भांडं खोलीत एकच होतं — ती बरणी. किडा मी श्रीखंडाच्या रिकाम्या, तीन बोटं उंचीच्या डब्यात टाकला. दोन दिवसांचा तर प्रश्न, म्हटलं. पत्रक कशावर होतं, सांगू? एका खोलीत सहा-सहा कामगार कोंबणाऱ्या खोलीमालकांवर. माणसाला वाढायला जागा लागते — हे वाक्य माझंच.

दोनाचे पाच दिवस झाले. झाकण काढलं तर कात अर्धी अंगावरच, पुढचे पाय वाकडे वाळलेले. जिवंत होता. समोर माशी सोडली, तर पाय उचलायचा आणि माशी सुटायची. पुन्हा उचलायचा. मी बघत राहिलो — किती वेळ? माहीत नाही. तिसऱ्या दिवशी मेला. बरणी घासून मी त्याला परत आत ठेवला.

इथेही थांबता आलं असतं.

सुदाम आला, बरणी उजेडात धरून म्हणाला, "असं कसं झालं रं?"

"तूच लाडाने चारून चारून जड केलास त्याला. कातीतून निघेना," मी म्हणालो. आवाज अजिबात हलला नाही.

"व्हय राव. लईच चारलं मी."

त्याने पुन्हा काही पाळलं नाही. कुणी पिल्लू देऊ केलं तर म्हणतो, माझ्या हाताला जगत न्हाई. आणि वस्तीत कुणी नवा कामगार आला की माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगतो, "काय बी अडलं तर ह्याला विचार. ह्यो खोटं बोलत न्हाई."

मी त्याला एकदाही अडवलेलं नाही.